निशाण उतरल्यानंतरचे साम्राज्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या ठरावांमध्ये 'अमेरिकन साम्राज्यशाही' हा शब्दप्रयोग इतक्या वर्षांपासून चालत आला आहे की तो लिहिताना लेखणी अडखळत नाही आणि वाचताना कोणी थांबत नाही. शब्द असा गुळगुळीत झाला म्हणजे त्यातला अर्थ निसटण्याची भीती असते. म्हणून आजचा विषय ज्यांनी ठेवला त्यांचे मी आभार मानतो. अमेरिकेचे जगावर जे वर्चस्व आहे त्याला साम्राज्य म्हणावे काय? की ते एका बलाढ्य राष्ट्राचे नुसते मोठेपण आहे, आणि साम्राज्य हा आपण रागाच्या भरात केलेला आरोप आहे? नावात काय आहे असे कोणी म्हणेल. पण निदान चुकले तर औषध चुकते, आणि चळवळीच्या बाबतीत तर रोगीही आपणच आणि वैद्यही आपणच असतो.

हे साम्राज्य नव्हे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. त्यांच्यातले बरेचजण प्रामाणिक अभ्यासक आहेत. ते विचारतात, रोमचे साम्राज्य होते, ब्रिटनचे होते; तेथे प्रांताधिपती होते, व्हाइसरॉय होता, सारावसुली होती. अमेरिकेचा व्हाइसरॉय कोठे आहे? १९४५ साली अर्धे जग तिच्या पायाशी होते, तरी तिने जर्मनी आणि जपान गिळले नाहीत. उलट त्यांना उभे केले आणि पुढे तेच व्यापारात तिचे प्रतिस्पर्धी झाले. गेअर लुंडेस्टाड या नॉर्वेच्या इतिहासकाराने १९८६ साली यात आणखी एका मुद्द्याची भर घातली. पश्चिम युरोपातल्या सरकारांनी रशियाच्या धास्तीने अमेरिकन सैन्याला स्वतः होऊन, आग्रहाने बोलावले. म्हणून हे निमंत्रणावरून आलेले साम्राज्य आहे, असे तो म्हणतो. साम्राज्य हा शब्द त्याने टाकलेला नाही. पण त्याचा आधार घेऊन इतर विचारू लागले की, जेथे निमंत्रण आहे तेथे जुलूम कसला?

राज्यकर्त्यांना एवढ्या बारकाव्याची गरज नसते. एप्रिल २००३ मध्ये, बगदाद पडून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी आपला देश साम्राज्यवादी नाही आणि कधीच नव्हता, असे एका अरबी दूरचित्रवाणीला सांगितले. दुसऱ्या टोकाला नायल फर्ग्युसन यांच्यासारखे इतिहासकार आहेत. साम्राज्य आहेच, ते लाज न बाळगता नीट चालवावे, अशी त्यांची अमेरिकेला शिकवण. हा स्पष्टवक्तेपणा एका अर्थी बरा. आणि २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात अध्यक्ष ट्रम्प यांनी विल्यम मॅकिन्ले या जुन्या अध्यक्षाचा गौरव केला, त्याचे नाव एका पर्वतशिखराला परत दिले, तेव्हा तर पडदाच बाजूला झाला. मॅकिन्ले हा फिलिपिन्स, पोर्तो रिको आणि हवाई ताब्यात घेणारा अध्यक्ष. त्याच्या फिलिपिन्सकडे मी थोड्या वेळाने वळणार आहे, कारण माझ्या मते या वादाचा सगळा पुरावा त्या एका देशाच्या इतिहासात सापडतो.

त्याआधी घरची एक गोष्ट. मराठी माणसाला हा वाद समजून घेण्यासाठी ऑक्सफर्डला जावे लागत नाही, वसईपर्यंत गेले तरी पुरते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्याहून पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाला वसईस गेला. ३१ डिसेंबरला तह झाला. कंपनीचे सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहावयाचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा, आणि कंपनीच्या सल्ल्यावाचून कोणाशी युद्ध वा बोलणी करावयाची नाहीत. पुढच्या मे महिन्यात इंग्रजांनी बाजीरावाला पुण्याच्या गादीवर आणून बसवले. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते नोव्हेंबर १८१७ मध्ये. तोवर जवळजवळ पंधरा वर्षे गादी पेशव्यांची, शिक्का पेशव्यांचा, निवाडे पेशव्यांच्या नावाने. मग त्या पंधरा वर्षांत पुण्यावर खरे राज्य कोणाचे होते? आणि फौज तर रीतसर निमंत्रणावरून आली होती! निमंत्रण होते की नाही एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. ते कोणी दिले, कोणाच्या भीतीने दिले, खर्च कोणाच्या माथी बसला, आणि पाहुण्याला पुढे जा म्हणता येते की नाही, हे पाहावे लागते. गॅलाघर आणि रॉबिन्सन या ब्रिटिश इतिहासकारांनी १९५३ साली दाखवून दिले की, ब्रिटिश साम्राज्याचा नकाशावर लाल रंगवलेला भाग हा त्याचा केवळ एक हिस्सा होता. व्यापार, कर्ज आणि तह यांच्या बळावर चालणारे अनौपचारिक साम्राज्य त्याच्याबाहेर पसरले होते. आपल्याकडे तैनाती फौजेचा अनुभव त्याआधी दीडशे वर्षांचा.

प्रत्येक अमेरिकन तळ म्हणजे वसईचा तह, असे मला म्हणावयाचे नाही. उपमा ताणली की तुटते. मात्र पाहुण्याला जा म्हणता येते काय आणि म्हटले तर काय भरावे लागते, ही कसोटी मला रंगीत नकाशापेक्षा अधिक भरवशाची वाटते. तिच्यावर फिलिपिन्सचा इतिहास घासून पाहू.

फिलिपिनो क्रांतिकारकांनी स्पेनविरुद्ध लढून १२ जून १८९८ रोजी आगिनाल्डोच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिस येथे स्पेन आणि अमेरिका यांच्यात तह झाला आणि दोन कोटी डॉलरला तो देश अमेरिकेच्या हवाली झाला. ज्यांचा देश त्यांना त्या मेजाशी जागा नव्हती. अमेरिकेत याला विरोध झालाच नाही असे नाही. साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला, मार्क ट्वेनसारखा लेखक त्याचा उपाध्यक्ष होता, आणि सिनेटमध्ये हा तह दोन तृतीयांशाच्या अटीवर केवळ एका जादा मताने तरला. त्या देशातली ही दुसरी परंपरा आपण विसरता कामा नये. व्हिएतनामच्या वेळी तीच रस्त्यावर आली. पण तह तरला, आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये ज्यांना 'मुक्त' केले त्यांच्याशीच युद्ध सुरू झाले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्याच इतिहासात दिलेला अंदाज असा की वीस हजारांवर फिलिपिनो लढवय्ये पडले आणि लढाई, उपासमार व रोगराई यांत दोन लाखांपर्यंत सामान्य माणसे मेली. समार बेटावरील बालांगिगा गावच्या चर्चच्या तीन घंटा विजयचिन्हे म्हणून अमेरिकन सैनिकांनी नेल्या. त्या गावाला परत मिळायला डिसेंबर २०१८ उजाडावा लागला.

येथवरचे साम्राज्य निशाणाचे. त्याबद्दल वाद नाही. रम्सफेल्ड यांना ते आठवले नाही एवढेच. खरा अभ्यास सुरू होतो तो निशाण उतरल्यावर. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्सला स्वातंत्र्य मिळाले. दिवससुद्धा अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचाच निवडलेला. मनिला शहर १९४५ च्या लढाईत जमीनदोस्त झाले होते, सुमारे एक लाख नागरिक त्यात मेले होते. अमेरिकेने पुनर्वसनासाठी मदत देऊ केली, पण सोबत बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यापाराचा कायदा पुढे केला. अमेरिकन नागरिकांना तेथील जमीन, खाणी, जंगले यांच्या वापराचे फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क द्यावे लागणार होते. पेसोचा डॉलरशी असलेला भाव अमेरिकन अध्यक्षाच्या संमतीवाचून बदलता येणार नव्हता. आणि हे मान्य केल्याखेरीज ५०० डॉलरवरील युद्धहानीची भरपाई मिळणार नव्हती. घर जळालेल्या माणसाला वासे देताना अंगणाचा दस्तऐवज मागावा, तसला हा प्रकार.

हे हक्क देण्यासाठी त्या देशाची राज्यघटना बदलावी लागणार होती आणि त्याला कायदेमंडळात तीन चतुर्थांश मते हवी होती. ती मते कशी मिळाली हे कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. विरोधी पक्षाचे तीन सिनेटर आणि शेतकरी चळवळीतून निवडून आलेले डेमोक्रॅटिक अलायन्सचे प्रतिनिधी यांना निवडणुकीत दहशत झाल्याचे कारण सांगून सभागृहात बसूच दिले नाही. उरलेल्यांमध्ये तीन चतुर्थांश भरले. बाहेर ठेवलेल्यांपैकी एक लुइस तारुक. जपान्यांशी लढलेला हा शेतकऱ्यांचा नेता पुढे पुन्हा शस्त्र घेऊन रानात गेला. मार्च १९४७ मध्ये सार्वमताने घटनादुरुस्ती झाली आणि त्याच महिन्यात तळांचा करार झाला : तेवीस ठिकाणे, मुदत ९९ वर्षे.

येथे अमेरिकेने कोणाला तुरुंगात टाकले काय? नाही. सभागृहाचे दार मनिलाच्याच जमीनदारांनी आणि साखरसम्राटांनी लावून घेतले. अमेरिकन बाजारात जकातीवाचून साखर आणि खोबरे विकता यावे ही त्यांची गरज होती, आणि शेतकऱ्यांच्या उठावाची त्यांना भीती होती. साम्राज्य आणि स्थानिक सत्ताधारी वर्ग यांची ही भागीदारी आहे. आपल्या भाषणांत आपण पहिल्याचे नाव मोठ्याने घेतो आणि दुसऱ्याचे पुष्कळदा गिळतो. एखाद्या देशाचे सरकार अमेरिकेच्या पंखाखाली गेले की आपण म्हणतो, अमेरिकेने त्याला झुकवले. कधी तसे असतेही. पण कितीदा तरी त्या सरकारला आपल्याच जनतेपासून संरक्षण हवे असते. बाजीरावाला होळकरांपासून हवे होते तसेच.

सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी फिलिपिन्समध्ये लष्करी कायदा पुकारला, तेव्हा क्लार्कचा हवाई तळ आणि सुबिकचा नाविक तळ व्हिएतनाम युद्धाच्या कामी येत होते. अमेरिकेची मदत थांबली नाही. १९८१ साली अमेरिकेचे उपाध्यक्ष बुश मनिलात गेले आणि त्यांनी मार्कोस यांच्या लोकशाहीनिष्ठेची स्तुती केली. आणीबाणीतून गेलेल्या आपल्यासारख्यांना या स्तुतीची किंमत वेगळी सांगायला नको. फेब्रुवारी १९८६ मध्ये लाखो लोक मनिलाच्या रस्त्यावर आले, आणि मार्कोस यांना अमेरिकन विमानाने हवाईला नेऊन ठेवण्यात आले.

आता या वादातले सर्वांत अडचणीचे पान येते. अडचणीचे आपल्याला, आणि त्यांनाही. लोकांच्या उठावातून १९८७ ची नवी राज्यघटना आली. तिच्या अठराव्या प्रकरणाच्या पंचविसाव्या कलमात लिहिले गेले की, तळांचा चालू करार १९९१ साली संपल्यावर सिनेटने संमत केलेल्या तहावाचून परकी लष्करी तळ, फौजा वा सोयी देशात राहू शकणार नाहीत. (मूळची ९९ वर्षांची मुदत १९६६ साली कमी करून घेतली गेली होती.) १६ सप्टेंबर १९९१ रोजी नवा दहा वर्षांचा तह सिनेटपुढे आला. वर्षाला २० कोटी ३० लाख डॉलर मिळावयाचे होते. ज्या कोराझोन अकिनो उठावातून अध्यक्ष झाल्या त्या स्वतः तहाच्या बाजूने मोर्चात चालल्या. सुबिकजवळच्या ओलोंगापो शहराचे पोट तळावर होते. त्यांचाही आक्रोश खोटा नव्हता. तरीही सभापती जोव्हितो सालोंगा यांच्यासह १२ सिनेटरांनी विरोधी मत दिले, ११ जणांनी बाजूने. तह पडला. पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेने क्लार्कचा तळ आधीच मोडला होता. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी शेवटचे अमेरिकन सैनिक सुबिक सोडून गेले. तोफ डागली गेली नाही, सरकार उलथले नाही.

हे साम्राज्य असते तर असे घडले असते काय, असा प्रश्न यावर कोणी विचारला तर तो उडवून लावू नये. १९६६ साली द गॉल यांनी अमेरिकन फौजांना फ्रान्सबाहेर जायला सांगितले आणि त्या गेल्या, हेही ते पुढे करतील. मार्च २००३ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने इराकवर चालून जाणाऱ्या अमेरिकन फौजेला वाट नाकारली, हेही खरे आहे. नकार देता येतो. पण तो प्रत्येकाला एकाच भावाने मिळत नाही. ग्वाटेमालात अध्यक्ष आर्बेन्झ यांनी युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन घेऊन कुळांना वाटली, तर १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उभ्या केलेल्या फौजेपुढे त्यांना जावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी इराणात तेलाच्या राष्ट्रीयीकरणापायी मोसादिक गेले. चिलीचे आयेंदे तर मतपेटीतून आलेले समाजवादी. ११ सप्टेंबर १९७३ ची आठवण आपल्यात अजून ताजी आहे. फ्रान्सचा नकार आणि ग्वाटेमालाचा नकार यांच्या किमतींतला जो फरक, तो माझ्या मते साम्राज्याचा नकाशा आहे. क्युबाने ग्वांतानामोचा तळ परत मागितला त्याला साठ वर्षे उलटून गेली. १९०३ चा भाडेपट्टा एका पक्षाच्या इच्छेने संपत नाही असे उत्तर मिळते आणि भाड्याचा धनादेश दरवर्षी येतो, तो क्युबाचे सरकार वटवत नाही. जपान तर मित्रराष्ट्र, धनाढ्य राष्ट्र. त्याच्या ओकिनावा बेटावर देशाच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आहे आणि जपानातील अमेरिकन तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे सत्तर टक्के तेथे आहे. फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात तेथे मतदान केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी हेनोकोच्या नव्या तळाला विरोध नोंदवला. समुद्रात भराव टाकण्याचे काम चालूच राहिले. जपानच्या सरकारला नकार देता येईल. पण ओकिनावाच्या मच्छीमाराचा नकार टोकियोतच अडतो, वॉशिंग्टनपर्यंत पोचतच नाही.

तळांच्या मोजणीत आपण कधीकधी इतके रमतो की (जगात सुमारे साडेसातशे आहेत असे २०२१ सालचा एक अभ्यास सांगतो) दुसरे हत्यार नजरेआड होते. ते म्हणजे डॉलर. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत पस्तीस डॉलरला एक औंस सोने असे वचन देऊन तो जगाचा चलनराजा झाला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी ते वचन मोडले, तरी राजेपद टिकले. व्यवहार डॉलरमध्ये आहे तोवर तो बहुधा न्यूयॉर्कच्या पेढ्यांमधून जातो, आणि जेथून जातो तेथे अमेरिकन कायदा लागतो. २०१४ साली बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण व क्युबाशी व्यवहार केल्याबद्दल अमेरिकेला सुमारे नऊशे कोटी डॉलर दंड भरला. बँक फ्रान्सची, ग्राहक सुदान-इराणचे, कायदा अमेरिकेचा. द गॉल यांनी फौजा घालवल्या. डॉलर घालवता आला नाही. आणि इराकची गोष्ट पाहा. ५ जानेवारी २०२० रोजी इराकी संसदेने परकी फौजा बाहेर काढण्याचा ठराव केला. ट्रम्प यांनी लगेच निर्बंधांची धमकी दिली. इराकच्या तेलाचे पैसे २००३ पासून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत जमा होतात. ते खाते गोठवले जाऊ शकते असा इशारा दिल्याचे वृत्त काही दिवसांतच आले. ठरावानंतर कित्येक वर्षे फौजा तेथेच राहिल्या. येथे तैनाती फौज आणि खजिना दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. सहा हजारांच्या पायदळाचे काम अडीच हजार मैलांवरच्या नव्हे, सहा हजार मैलांवरच्या एका खातेवहीने केले.

आपल्या देशाला हा अनुभव नवा नाही. साठीच्या दशकात पीएल ४८० च्या करारातून आलेल्या अमेरिकन गव्हावर आपली रेशनची दुकाने चालत होती. १९६५ ते ६७ या दुष्काळी वर्षांत अध्यक्ष जॉन्सन गव्हाची मंजुरी महिन्यामहिन्याच्या हप्त्याने देत राहिले. शेतीधोरण बदला हे एक सांगणे होते, आणि व्हिएतनामवरील बाँबवर्षावावर भारताने केलेली टीका त्यांना बोचत होती हेही लपून राहिले नाही. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले त्यामागे जागतिक बँकेचा आणि अमेरिकेचा दबाव होता. इतक्या मागे जाण्याचेही कारण नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने दिलेली सूट संपताच भारताने इराणचे तेल घेणे बंद केले. आपल्या संसदेने इराणवर कोणताही निर्बंध घातलेला नसताना. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतो म्हणून भारतीय मालावर आणखी २५ टक्के जकात बसवण्यात आली. कोणाचे तेल घ्यावे हे शहाणपणाने ठरवावे, रशियाने युक्रेनवर केलेले आक्रमण आपण निषेधार्हच मानतो. पण ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा निराळा प्रश्न आहे.

लेनिनने साम्राज्यशाही ही भांडवलशाहीची सर्वोच्च अवस्था मानली. डॉ. लोहियांनी १९४३ च्या सुमारास त्यावर आक्षेप घेतला की ही शेवटची अवस्था नव्हे. भांडवलशाही आणि साम्राज्यशाही जन्मापासून जुळी आहेत, एकीची वाढ दुसरीवाचून झालेलीच नाही. मला लोहियांचे म्हणणे आजच्या वादात अधिक कामाचे वाटते. शेवटची अवस्था म्हटले की ती कोठेतरी संपणार अशी वाट पाहत बसण्याचा मोह होतो. अमेरिकेचे बळ उतरणीला लागले, आता चीन वर येतो आहे, म्हणून साम्राज्य आपोआप गेले असे समजणारे मित्र आपल्यातही आहेत. त्यांनी पुन्हा फिलिपिन्सकडे पाहावे.

कारण ती गोष्ट १९९२ साली संपली नाही. २०१२ साली चीनने स्कारबरो या उथळ खडकाळ जागेचा ताबा मिळवला आणि फिलिपिनो मच्छीमारांना तेथून हुसकले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय लवादाने चीनच्या सागरी दाव्याला कायदेशीर आधार नाही असा निवाडा दिला. चीनने तो मानला नाही. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियात शिरलेल्या रशियन रणगाड्यांना समाजवाद्यांनी साम्राज्यशाहीच म्हटले होते, तेव्हा मनिलाच्या या भीतीला आपण खोटी म्हणू शकत नाही. पण त्या भीतीचे पुढे काय झाले पाहा. २०१४ साली अमेरिकेशी वाढीव संरक्षण सहकार्याचा करार झाला. त्यात तळ हा शब्द टाळला, 'संमत ठिकाणे' म्हटले. तो तह नसून कार्यकारी करार आहे अशी सरकारने भूमिका घेतली, आणि जानेवारी २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे सिनेटच्या मताची गरजच उरली नाही. बारा सिनेटरांनी सगळा दबाव झुगारून जे दार लावले ते पुन्हा मतदानाला न टाकताच उघडले गेले. २०२३ साली ठिकाणे पाचाची नऊ झाली. काही तैवानच्या बाजूला, उत्तर टोकाला. करणारे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस, त्या जुन्या मार्कोस यांचेच चिरंजीव.

या शेवटच्या प्रकरणाचा आपल्याशी सरळ संबंध आहे. आखाती युद्धाच्या वेळी, जानेवारी १९९१ मध्ये, अमेरिकन लष्करी विमाने मुंबईच्या विमानतळावर इंधन भरून पुढे जात होती. पंतप्रधान चंद्रशेखर होते, आपल्याच जुन्या कुळातले; हे सांगताना बरे वाटत नाही. बातमी फुटली, संसदेत आणि बाहेर गदारोळ झाला, आणि फेब्रुवारीत ते थांबवावे लागले. २९ ऑगस्ट २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये रसदविषयक करारावर सही केली. दोन्ही सैन्यांनी एकमेकांच्या ठिकाणी इंधन आणि पुरवठा घ्यावा, हिशेब मागाहून मिटवावा, अशी त्यात तरतूद आहे. यात तळ नाहीत असे सरकार सांगते, आणि करारात तळ नाहीत हे खरे आहे. २०१८ आणि २०२० साली दळणवळण आणि भूनकाशांचे आणखी दोन करार झाले. यांपैकी एकही संसदेपुढे संमतीसाठी आला नाही. यावा अशी आपल्या राज्यघटनेची अट नाही. फिलिपिन्सच्या पंचविसाव्या कलमासारखे कलम आपल्याकडे नाही. १९९१ साली मुंबईत विमानात इंधन भरणे ही संसद दणाणून सोडणारी घटना होती. आता ती दोन लष्करी कचेऱ्यांमधल्या खतावणीतली एक नोंद असेल, आणि ती पडली की नाही हे विचारायला कोणाकडे जावयाचे, ते आपल्या खासदारांनाही विचारून पाहावे.